जंताची गोळी दिली, पण अंगणाचं काय?

वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि शाळेत जंताची गोळी मिळते, पोरं चावून खातात, रजिस्टरवर टिक होते आणि घरात सगळ्यांना वाटतं झालं, आता सहा महिने बघायला नको. मग तीन-चार महिने गेले की पुन्हा पोट दुखतंय, जेवत नाही, एखाद दिवशी शीतून लांब पांढरा जंत पडतो आणि आई म्हणते त्या सरकारी गोळीत काही दमच नाही. तसं नाहीये. त्या गोळीतलं अल्बेंडाझोल चांगलं औषध आहे, त्या दिवशी पोटात असलेले गोल जंत ते बऱ्यापैकी साफ करतं, पण पुढच्या आठवड्यात पोराने मातीचा हात तोंडात घातला तर तिथं ही गोळी काही करू शकत नाही. अंगणात पडलेल्या अंड्यांपर्यंत तर ती पोचतच नाही.

म्हणून हे सगळं लिहितोय. गोळी घ्याच, ती कशी द्यायची ते खाली सांगितलंय, पण खरं काम घराच्या आजूबाजूला आहे. त्यातही एक गोष्ट सगळ्यात जास्त राहून जाते, ती म्हणजे बाळाची शी. घरात संडास आहे, मोठी माणसं वापरतात, आणि दीड-दोन वर्षाच्या पोराला मात्र अंगणाच्या कडेला बसवतात, असं चित्र मला अजून गावोगाव दिसतं.

जंत येतात कुठून

लहान पोरांत जास्त करून जे दिसतात ते गोल जंत, वीतभर किंवा त्याहून लांब. त्यातली एक मादी दिवसाला साधारण दोन लाख अंडी घालते. ही अंडी डोळ्याला दिसत नाहीत, शीबरोबर बाहेर पडतात. आणि आता हे नीट वाचा, कारण सगळा उपाय यावर उभा आहे. ताज्या शीतली अंडी लगेच कुणाला लागत नाहीत, त्यांना मातीत दोन-तीन आठवडे ओल आणि ऊब मिळाली की मग ती पिकतात, मग ती पोटात गेली तर जंत होतात. म्हणजे आज शी कुठं टाकली यावर पुढच्या महिन्यात कोण आजारी पडणार ते ठरतं, आणि तेव्हा शी तर दिसतही नाही, वाळून मातीत मिसळलेली असते. ओलसर सावलीच्या मातीत ही अंडी वर्षानुवर्षं टिकू शकतात. मोरीचं पाणी जिथं जिरतं, जिथं केळी-अळू लावलेलं असतं, तीच जागा त्यांना मानवते आणि पोरंही नेमकी तिथंच खेळतात.

दुसरा प्रकार अंकुशकृमी म्हणजे हुकवर्म. हा बहुतेक वेळा तोंडाने नाही, मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो, आतड्याला चिकटून रक्त पितो. पोरांपेक्षा शेतात राबणाऱ्या बायामाणसांना याचा त्रास जास्त. दम लागतो, पापणी ओढून बघितली तर आतून पांढरी, लोहाच्या गोळ्या खाऊनसुद्धा रक्त वाढत नाही, अशी बाई असेल तर हुकवर्मची शंका घ्यायलाच पाहिजे.

तिसरे ते बारीक दोऱ्यासारखे, रात्री बुडाला खाज आणणारे. त्यांचं गणित वेगळं आहे, ते पुढे सांगतो.

गूळ-साखर खाल्ली की जंत होतात हे आपल्याकडं घरोघरी ऐकायला मिळतं, ते खरं नाही. अंडी पोटात गेल्याशिवाय जंत होत नाहीत, पोरगं कितीही गोड खाऊ दे. झोपेत दात खाणं आणि गालावर पांढरे चट्टे यांवरूनही लोक जंत ठरवतात, पण त्याची कारणं बहुतेक वेळा दुसरीच असतात. माती खाणारं पोर मात्र नक्की दाखवा. रक्त कमी असलं की माती खावीशी वाटते आणि माती खाल्ली की जंत होतात, दोन्ही एकमेकांना वाढवतात.

बाळाची शी संडासातच

आजीचं म्हणणं असतं की अंगावर पिणाऱ्या बाळाची शी ती काय, तिला वाससुद्धा नसतो. नुसतं आईचं दूध पिणाऱ्या बाळाच्या पोटात जंत सहसा नसतात हे खरं, पण जुलाबाचे जंतू तेव्हाही असू शकतात. आणि बाळ एकदा रांगायला लागलं, अंगणातलं उचलून तोंडात घालायला लागलं की त्याच्या शीत मोठ्या माणसासारखीच अंडी असू शकतात. सवय पहिल्या दिवसापासून लावलेली बरी, मधेच बदलायला कुणाला सुचत नाही.

कापडी लंगोट असेल तर शी आधी संडासाच्या भांड्यात झटकायची, मग लंगोट एका वेगळ्या बादलीत थोड्या पाण्यात खळबळायचा आणि ते पहिलं पाणी संडासात ओतायचं, मोरीत नाही. बहुतेक घरांत मोरीचं पाणी परसातल्या झाडांना जातं म्हणून एवढा आग्रह. त्यानंतर साबणाने धुऊन कडक उन्हात वाळत घाला. तयार डायपर वापरत असाल तर शी संडासात टाका पण डायपर टाकू नका, पाइप तुंबतो, तो गुंडाळून गावच्या कचरागाडीत द्या किंवा गाडी येत नसेल तर खोल पुरा. उकिरड्यावर टाकलेला डायपर कुत्री ओढून गावभर नेतात.

चालणाऱ्या पोराला आठवडी बाजारात मिळणारं प्लास्टिकचं पॉट घ्या. महाग नसतं. पॉटमधलं संडासात ओतून, धुतलेलं पाणीही तिथंच टाकून उन्हात पालथं घालायचं. तीन-साडेतीन वर्षांचं झालं की संडासात बसवायला लागा. पोरं संडासात जायला घाबरतात कारण आत अंधार असतो, भांडं मोठं वाटतं, पाय फाकवून बसता येत नाही. मग दार उघडं ठेवा, एक बल्ब लावा, सुरुवातीला हात धरून समोर बसा, दोन विटा लावून पाय ठेवायला जागा करून द्या. पंधरा-वीस दिवस हे कुणीतरी करायला पाहिजे आणि ते काम आईवरच टाकू नका, बाप आणि आजोबांनाही जमतं.

आणि अंगणात झालीच तर? कुत्रं खाऊन जाईल म्हणून सोडून देऊ नका, अंडी कुत्र्याच्या पोटातून तशीच बाहेर पडू शकतात आणि मग ती कुठंही पडतात. शीवर चुलीतली राख टाका, पत्र्याच्या तुकड्याने खालच्या बोटभर मातीसकट खरवडून उचला. माती जास्त आली असेल तर भांड्यात टाकू नका, विहीर आणि हँडपंपापासून लांब हातभर खोल खड्डा करून पुरा. सारवलेल्या जमिनीवर झाली असेल तर नुसती पुसून चालत नाही, तेवढा थर खरवडून काढा आणि मग सारवा. नंतर साबणाने हात.

हात कशाने धुता

खेड्यात अजूनही बरीच माणसं बाहेरून आली की दारातली चिमूटभर माती हाताला घासतात. हे बंद करायला पाहिजे, कारण ज्या मातीत अंडी असण्याची शक्यता तीच आपण हाताला, नखात भरतोय. साबण नसेल तर चुलीतली राख चालेल, मातीपेक्षा कितीतरी बरी. साबण सगळ्यात उत्तम, कोणताही, स्वस्तातला कपड्याचा असला तरी चालतो. साबणाने जंताची अंडी मरत नाहीत, पण चोळल्यावर सुटून पाण्याबरोबर निघून जातात. म्हणूनच हाताला सॅनिटायझर लावून इथं भागत नाही, त्याने अंडी मरतही नाहीत आणि निघतही नाहीत.

साबण संडासाच्या दाराशीच पाहिजे. घरात मोरीत असेल तर पोरगं तिथपर्यंत जात नाही. जुन्या मोज्यात किंवा कांद्याच्या जाळीत साबण घालून दाराला बांधा, शेजारी पाण्याची बाटली उलटी टांगून बुचाला बारीक भोक पाडा, पाणी कमी लागतं, टँकरच्या गावातही परवडतं. संडासातून आल्यावर, बाळाची शी काढल्यावर, भाकरी थापायच्या आधी आणि जेवायच्या आधी. नखं आठवड्यातून एकदा, एक वार ठरवून घरातल्या सगळ्यांची, भाकरी करणाऱ्या बाईची आणि म्हाताऱ्यांचीसुद्धा.

संडास आहे पण वापरत नाही, त्याचं काय

याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण अनुदानाचे १२ हजार घेऊन बांधलेल्या संडासात गोवऱ्या आणि कडबा भरलेला मी बघितलाय. विचारलं की उत्तर एकच, खड्डा लवकर भरेल, मग उपसणार कोण. ही भीती खोटी नाही. पण ती दोन शोषखड्ड्यांच्या संडासाने सुटते, फक्त तो कसा चालतो हे बांधून देताना कुणी समजावून सांगत नाही.

दोन खड्डे, प्रत्येक साधारण सव्वातीन फूट रुंद आणि चार फूट खोल. आतून विटांचं बांधकाम पण मधे मधे भोकं सोडून, तळ कच्चाच ठेवायचा, पाणी आणि गॅस मातीत जिरून जातात म्हणून वर व्हेंट पाइपचीही गरज नसते. भांड्यातून येणारा पाइप एका चेंबरमध्ये दोन फाट्यांत वाटला जातो आणि एका वेळी एकच फाटा चालू, दुसरा वीट लावून बंद. पाच-सहा माणसांच्या घरात एक खड्डा भरायला काही वर्षं जातात. भरला की चेंबर उघडून वीट बदलायची, दुसरा खड्डा चालू. पहिला तसाच झाकून ठेवायचा. दीड वर्षात त्याचं वास नसलेलं कोरडं खत होतं, पण जंताच्या अंड्यांचा विचार केला तर मी म्हणेन पूर्ण दोन वर्षं थांबा, ती चिवट असतात. मग ते फावड्याने काढता येतं, शेतात टाकता येतं. सोनखत आपल्या जुन्या माणसांना माहीत होतंच. ताजा मैला मात्र कधीही शेतात नाही.

आता चुका. दोन्ही खड्डे एकदम चालू ठेवतात, मग दोन्ही एकदमच भरतात आणि थांबायला जागाच उरत नाही, त्यामुळं बांधकाम झालं की चेंबर उघडून स्वतः बघा. आंघोळीचं पाणी याच खड्ड्यात सोडतात, ते कधीच सोडू नका. ॲसिड-फिनेल ओततात, त्याने खड्ड्यातले कुजवणारे जिवाणू मरतात, भांडं ब्रशने आणि थोड्या साबणाच्या पाण्याने घासा. पिण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून किमान ३० ते ३५ फूट अंतर ठेवा, कोकणात जांभ्याच्या भेगांतून पाणी लांब जातं तिथं याहून जास्त. काळ्या मातीत खड्ड्याभोवती वाळू किंवा विटांचे तुकडे भरून घ्या नाहीतर माती फुगून भोकं बुजतात. आणि भांडं घेताना जास्त उताराचं ग्रामीण भांडं मागा, त्याला दीड-दोन लिटर पाणी पुरतं. शहरी भांडं बसवलं की बादली-बादली पाणी लागतं, उन्हाळ्यात एवढं पाणी कुठून आणायचं म्हणून लोक पुन्हा टमरेल घेऊन बाहेर जातात.

सेप्टिक टँक असेल तर त्यातून बाहेर येणारं पाणी कुठं जातं ते बघा. ते गटारात किंवा ओढ्यात सोडलेलं असेल तर घर स्वच्छ दिसतं पण अंडी गावात फिरतच राहतात. त्या पाण्याला शोषखड्डा पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रात हे ज्ञान नवीन नाही हे आवर्जून सांगावंसं वाटतं. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैला आणि संडास या विषयावर आयुष्य घातलं. देहूला सरकारी दवाखान्यात आलेल्या डॉ. मापुसकरांनी तिथं संडासाचं काम सुरू केलं, सुरुवातीला बांधलेले पावसात ढासळले, मग अप्पासाहेबांच्या कामावरून शिकून त्यांनी ते पुन्हा उभं केलं आणि पुढे मैल्यावर चालणारा मलप्रभा बायोगॅसही केला. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. २०००-०१ मध्ये सुरू झालेलं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान तर तिशीच्या पुढच्या बऱ्याच जणांनी शाळेत असताना हातात झाडू घेऊन अनुभवलंय. इतकं होऊनही बाळाची शी उकिरड्यावर जाते याचं वाईट वाटतं.

पाय, भाजी, पाणी

चप्पल घातल्याशिवाय परसात, शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी जायचं नाही, आणि पोरांची चप्पल पायाच्या मापाची घ्या, पुढच्या वर्षी होईल म्हणून मोठी घेतलेली ते घालतच नाहीत. भातलावणीला, उसाला पाणी द्यायला चप्पल चिखलात टिकत नाही हे मान्य, गमबूट परवडले तर उत्तम, नाहीतर निदान ज्या तुकड्यात लोक शौचाला बसतात तिथं अनवाणी उतरू नका आणि काम झालं की पाय साबणाने धुऊन कोरडे करा. चिखलातून आल्यावर पायाला बारीक पुरळ येऊन खूप खाजलं तर ते दरवेळी चिखल्याच असतात असं नाही, हुकवर्म शिरतानाही अशी खाज येते.

कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी, पातीचा कांदा म्हणजे कच्चं जे खातो ते तीन वेळा वेगवेगळ्या पाण्यात धुवायचं, पालेभाजी काडी-काडी सुटी करून, जुडी तशीच बुडवून काही होत नाही. मिठाच्या पाण्याने अंडी मरत नाहीत. नाल्याच्या पाण्यावर पिकवलेली भाजी असेल तर कच्ची खाऊच नका, शिजवा, शिजवल्यावर भीती नाही.

पाण्यात टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली की सगळं मरतं असा समज आहे. गॅस्ट्रो-कॉलराचे जंतू मरतात म्हणून टीसीएल पाहिजेच, पण जंताची अंडी त्याला दाद देत नाहीत. ती जड असतात, तळाशी बसतात. त्यामुळं गढूळ पाण्यात तुरटी फिरवून रात्रभर स्थिर ठेवा, वरचं पाणी हलक्या हाताने गाळून घ्या, तळाचं फेकून द्या आणि लहान पोरांसाठी खळखळून उकळा. माठातून पाणी ओगराळ्याने काढा, हात बुडवून पेला भरायचा नाही.

गोळी कशी द्यायची

राष्ट्रीय जंतनाशक दिन १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला धरलेला असतो, पण तारीख पुढेमागे होते म्हणून अंगणवाडीत विचारून ठेवा. २०१५ पासून हे चालू आहे. १ ते १९ वर्षं वयाच्या सगळ्यांना, फुकट. दोन वर्षांपर्यंत अर्धी गोळी म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्यापुढे पूर्ण ४०० ची. तीन वर्षांच्या आतल्या पोरांना दोन चमच्यांत चुरून पाण्यात मिसळूनच द्या, अख्खी दिली तर घशात अडकू शकते, आणि मोठ्यांनी चावून खायची. त्या दिवशी ताप किंवा दुसरा आजार असेल तर थांबा, पुढे राहिलेल्या पोरांसाठी मॉप-अपचा दिवस असतो तेव्हा द्या. गोळीनंतर एखाद्याला मळमळतं, पोटात कळ येते, जंत जास्त असलेल्यांना हे होतं, सावलीत झोपवा, पाणी द्या, तासा-दोन तासांत बरं वाटतं. या एका कारणावरून गावात अफवा उठतात आणि पुढच्या वेळी आया पोरांना शाळेतच पाठवत नाहीत. गरोदर बाईने मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नये, पहिले तीन महिने तर नाहीच, नंतर डॉक्टर सांगतील तशी. वावडिंगाचं पाणी घरात देत असतील तर त्यावर मी वाद घालणार नाही, पण त्याच्या भरवशावर गोळी चुकवू नका.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी वेगळं सांगतो. फेब्रुवारीत तुम्ही फडावर असता आणि पोरांची नावं गावच्या अंगणवाडीत, म्हणून गोळी राहून जाते. जिथं कोपी म्हणजे राहायची झोपडी टाकली असेल तिथल्या अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात जा, पोरगं कुठल्या गावचं आहे यावर गोळी अडत नाही. कोप्यांजवळ संडास नसतो, तेव्हा टोळीने मिळून कोप्यांपासून आणि पाण्यापासून लांब एक खोल चर खणून घ्या, वापरल्यावर प्रत्येक वेळी माती-राख टाका, भरत आला की बुजवून दुसरा. मुकादमाकडं आणि कारखान्याकडं फिरत्या संडासाची मागणी लावून धरा, बायांचे हाल तर शब्दांत सांगता येत नाहीत.

ते बुडाला खाज आणणारे सुतकृमी, यांची अंडी काही तासांतच लागू होतात, मातीची गरजच नसते, म्हणून एकाला झाले की घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध द्यायचं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. डॉक्टरांना विचारून. रोज सकाळी बूड धुणं, चड्डी बदलणं, अंथरूण गरम पाण्यात धुणं एवढं त्या काळात पाळा.

कधी थांबायचं नाही

पोट टम्म फुगलंय, शी आणि गॅस दोन्ही बंद, उलट्या होतायत किंवा उलटीतून जंत पडला, तर गोळी शोधत बसू नका, जंतांचा गोळा आतड्यात अडकलेला असू शकतो, लगेच १०८ ला फोन करून ग्रामीण रुग्णालय गाठा. शीतून भाताच्या दाण्यासारखे किंवा पट्टीसारखे चपटे तुकडे पडत असतील तर तो पट्टकृमी, त्याची गोळी आणि डोस डॉक्टरच ठरवतील. डुकराच्या पट्टकृमीची अंडी हातावरून, भाजीवरून पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फिट येऊ शकते, कधीच मांस न खाल्लेल्या माणसालासुद्धा. आणि गोळी घेऊनही रक्त वाढत नसेल, पोर वजन धरत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात शी तपासून घ्या. एका छोट्या कोरड्या डबीत नमुना न्यायचा, शक्यतो सकाळचा, लघवी आणि पाणी न मिसळलेला, आणि डबीवर पोराचं नाव लिहायचं.